फ्लेक्सवरची पोरं

“बाई, तुमच्या शाळेत आता समदी त्यांचीच पोरं राहिली ना? आमचं लेकरू कसं बसवायचं त्यांच्यात?”

लासलगावजवळच्या एका गावात एप्रिलच्या उन्हात मी आणि मुख्याध्यापक सर पट वाढवायला घरोघर फिरत होतो. हे विचारणाऱ्या घरच्या ताईनं आम्हाला ओट्यावर बसवून चहा दिला होता. माझ्या आडनावावरून तिला जात कळली नव्हती. त्यांची म्हणजे आमची. बौद्धांची.

गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मी हसले. म्हणाले, “तसं नाही ताई, सगळ्या समाजाची मुलं आहेत.” चहाही प्यायले. सगळा.

गावातली पोरं केव्हाच इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसून गेली होती. आमच्या दोन शिक्षकी शाळेत उरली होती बौद्ध वस्तीतली, भिल्ल वस्तीतली आणि कशीबशी तीन मराठ्यांची. पट आणखी घटला की मी अतिरिक्त ठरणार, कुठल्या कुठे फेकली जाणार. या एका भीतीपायी मी काय काय केलं!

सर म्हणाले, “मॅडम, प्रवेशाच्या फ्लेक्सवर जरा बरी दिसणारी पोरं घ्या.”

बरी म्हणजे कोणती, हे मी विचारलंच नाही. फोटोला त्या तीन मराठ्यांच्या पोरांना पुढे उभं केलं. माझ्या हातानं त्यांचे भांग पाडले. बाकीच्यांना सांगितलं, आत बसा, पाढे लिहा.

फ्लेक्स वेशीजवळ लागला. बौद्ध वस्तीतली रोशनी, तिसरीतली, एकही दिवस शाळा न बुडवणारी, त्याच्यासमोर उभी होती.

“बाई, मी बी रोज येते ना? मंग मी का नाय त्याच्यात?”

“जागा पुरली नाही गं.”

तिनं मान हलवली. तिला पटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी गॅदरिंगच्या नाचातून मला काढलं, तेव्हा आमच्या बाईही हेच म्हणाल्या होत्या. त्यांना मी आजवर शिव्या देत आले. त्यांनी निदान परक्याचं लेकरू बाजूला केलं. मी माझंच केलं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी फ्लेक्स उतरवला. सर धावत आले. “डोकं फिरलंय का मॅडम? पट गेला तर तुम्हीच अतिरिक्त ठराल.”

“ठरू द्या. फोटो पुन्हा काढायचा, सगळ्यांचा. आणि आता ज्या घरी जाईन, तिथं आधी मी कोण ते सांगीन. शाळेचं मग.”

नवं एकही नाव आलं नाही तरी चालेल. आहेत ती पोरं लपवून मला शाळा वाचवायची नाही.