वीसच्या वीस

बगळ्याची आणि माझी ओळख झाली ती त्याच्या उत्तरपत्रिकेवरून. माणूस मी नंतर पाहिला. त्यामुळे इथे जे लिहितो आहे त्यातलं अर्धं कागदावरचं आहे आणि बरंचसं त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकलेलं.

तो बंदरात क्रेन चालवायचा. बावीस वर्षं. जमिनीपासून चाळीस मीटर वर काचेची केबिन, त्यात एक खुर्ची, दोन दांडे आणि हा. उंच, सडपातळ, मान पुढे काढून तासन्‌तास खाली बघत बसलेला, म्हणून बगळा. सकाळी चढला की सुटी झाल्यावरच उतरायचा. डबासुद्धा दोरीने वर ओढून घ्यायचा. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एक पेटी आपटली नव्हती. पण कंपनीत नवे साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं, की उंचावर काम करणाऱ्या प्रत्येकाची मानसिक चाचणी व्हायला हवी. चाचणीत योग्य न ठरणारा खाली गोदामात जाईल. आमच्या बाई म्हणायच्या की ह्या चाचणीत पास-नापास असं काही नसतं. गोदामात गेलेल्यांना ते पटवणं जरा अवघड होतं.

चाचणी आमच्याकडे व्हायची. आमच्याकडे म्हणजे तीन खोल्या, मानसशास्त्रज्ञ बाई आणि मी. छापील तीनशे वाक्यं. 'मला झोप चांगली लागते', 'लोक माझ्यामागे माझ्याबद्दल बोलतात', अशी. प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' अशी खूण करायची. मग मी उत्तरपत्रिकेवर भोकं पाडलेले पुठ्ठे एकेक करून ठेवायचो आणि भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायचो. एक पुठ्ठा म्हणजे एक पट्टी. एक चिंतेची, एक संशयाची, एक रागाची. अर्थ लावायचं काम बाईंचं. मी फक्त मोजायचो.

मात्र सगळ्यांत आधी दोन पुठ्ठे असे होते, की ते माणसाला मोजायचे नाहीत, त्याच्या उत्तरांना मोजायचे. पहिला खोटेपणाचा. 'मला आजवर कधीही राग आलेला नाही' अशा वाक्यांना जो धडाधड 'बरोबर' म्हणतो, तो स्वतःला रंगरंगोटी करून दाखवतो आहे असं समजायचं. दुसरा विसंगतीचा. वीस वाक्यं अशी होती, की तीच पुढे शब्द बदलून पुन्हा विचारलेली असायची. चौदाव्या क्रमांकावर 'मला एकटं राहायला आवडतं' आणि दोनशे अकराव्यावर 'आजूबाजूला माणसं नसली की मला बरं वाटतं'. न वाचता खुणा करणारा इथे सापडायचा. न जुळणाऱ्या जोड्या सहापेक्षा जास्त निघाल्या, की बाकीचे पुठ्ठे लावायचेच नाहीत. वर शिक्का मारायचा, 'अग्राह्य'.

बगळ्याची पहिली उत्तरपत्रिका मी सातपर्यंत मोजली आणि शिक्का मारला. आठवी जोडी बघायचं नियमात कुठे लिहिलं नव्हतं.

कंपनीने त्याला पुन्हा पाठवलं. सोबत पत्र होतं की फार तर आणखी एकदा बघा, त्यानंतर हा माणूस खाली येईल. दुसऱ्या पत्रिकेतही मी सातला पोचलो आणि शिक्क्याकडे हात नेला, तर शाईची गादी कोरडी पडलेली. बाई शाई आणायला आतल्या खोलीत गेल्या. हात रिकामे होते म्हणून मी पुढे मोजत राहिलो. आठ, नऊ, बारा, पंधरा. वीसच्या वीस उलट. कपाटातून पहिली पत्रिका काढली. तीही वीसच्या वीस.

हे बाईंना सांगायला हवं होतं. पण एकोणीस वर्षांत मी बाईंना 'इथे सही' यापलीकडे फारसं काही सांगितलेलं नव्हतं. मी एका चिठ्ठीवर '२०, २०' असं लिहिलं, ती त्यांच्या टेबलावर ठेवली आणि जागेवर येऊन बसलो.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"वीस."

"ते दिसतंय. वीस काय?"

मग बोलावंच लागलं. म्हटलं, "डोळे मिटून खुणा केल्या तरी विसांत दहाएक जोड्या आपोआप जुळतात. एकही जुळू द्यायची नाही, तर माणसाला आधीचं उत्तर आठवावं लागेल. म्हणजे हा लक्ष देऊन वाचतो आहे."

बाईंनी दोन्ही पत्रिका घेतल्या, माझा पुठ्ठा घेतला आणि स्वतः मोजल्या. "आणि आपण दोनदा लिहून देणार होतो की हा माणूस बेफिकीर आहे," त्या म्हणाल्या. 'आपण' म्हणाल्या हा त्यांचा मोठेपणा. मोजणी माझी होती.

तिसऱ्या वेळी बगळा बायकोला घेऊन आला, किंवा बायको त्याला घेऊन आली. ती पुढे, तो तिच्या मागे मान वाकवून. बाईंनी कागद देण्याआधी त्याला समोर बसवलं.

"तुम्ही तेच वाक्य पुन्हा आलं की उत्तर बदलता. का?"

"पुन्हा विचारलं म्हणजे पहिलं चुकलं असणार," तो म्हणाला.

"असं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. खालचा माणूस रेडिओवर विचारतो, पेटी सरळ आहे का. मी बघतो, सांगतो सरळ आहे. त्याने तेच पुन्हा विचारलं तर त्याला खालून काहीतरी वाकडं दिसतंय. मग मी आपलं घोडं दामटत नाही. थांबवतो."

"घरीपण हेच," बायको म्हणाली. "भाजी कशी झालीय विचारा, म्हणतील छान. पुन्हा विचारा, म्हणतील जरा खारट आहे. म्हणून मी आपली एकदाच विचारते."

बाई हसू दाबत म्हणाल्या, "इथे कोणाला काही वाकडं दिसत नाहीये हो. ती वाक्यं तशीच छापलेली आहेत, दोनदा."

"मग छापणाऱ्याने एकदा बघायला नको?"

"मुद्दाम छापलीत. प्रत्येक वाक्य नवीन समजायचं. आत्ता तुम्हाला जे वाटतं ते लिहायचं, मागचं डोक्यातून काढून टाकायचं."

"मागचं काढून टाकायचं," बायकोने त्याला समजावलं. "आणि मला विचारायचं नाही. मी बाहेर बसते."

दीड तासाने त्याने कागद दिला. एरवी मोजताना मला काही वाटत नसे. त्या दिवशी पुठ्ठा दोनदा सरकला. खोटेपणाची पट्टी व्यवस्थित होती. आपल्याला राग येतो, आपण कधीकधी आळस करतो, हे त्याने मोकळेपणाने कबूल केलं होतं. विसंगतीत एकोणीस जोड्या जुळल्या. एक नाही जुळली. मी ती वाक्यं वाचली आणि कागद बाईंकडे नेऊन ठेवला. 'उंचावर मला भीती वाटते', चूक. 'उंचावरून खाली बघताना माझी छाती धडधडते', बरोबर.

"एक चालते," बाई म्हणाल्या. "पण नेमकी हीच? क्रेनवाल्याच्या कागदावर साहेब हीच बघणार."

त्यांनी त्याला आत बोलावलं आणि दोन्ही खुणा दाखवल्या. तो ओशाळला.

"ह्या दोघांच्या मध्ये मी जरा उठलो होतो, पाय मोकळे करायला," तो म्हणाला. "तुमच्या त्या खिडकीशी गेलो. चौथा मजला, आणि खिडकीला गज नाहीत. खाली रस्ता दिसला आणि छाती धडधडायला लागली. लगेच हे वाक्य आलं. तुम्ही म्हणालात आत्ता वाटतं ते लिहा."

"आणि चाळीस मीटरवर?"

"तिथे कठडा आहे, पट्टा आहे, काच आहे. मी रोज सकाळी चढलो की आधी ते तपासतो. इथे काहीच नाही, आणि तुम्ही इथे माणसं आणून बसवता."

बाईंनी खिडकीकडे बघितलं. मीही बघितलं. एकोणीस वर्षं ती तशीच होती. बाईंनी अहवालात लिहिलं: उत्तरं ग्राह्य, धोका ओळखण्याची वृत्ती सरासरीपेक्षा बरीच जास्त, उंचावरील कामास योग्य.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. बगळा वर राहिला. पुढच्या सुटीच्या दिवशी तो आमच्या कचेरीत हजर. खांद्यावर चार लोखंडी गज, हातात ड्रिल, मागे बायको.

"अहो, ही भाड्याची जागा आहे," बाई म्हणाल्या.

"खाली मालकांना सांगून आलेत," बायको म्हणाली. "घरी सारखं हेच चाललंय, त्या बाई, ती खिडकी. एकदाचे बसवू द्या."

पण बसवणार कोण हा प्रश्न होता, कारण तो काही त्या खिडकीजवळ जाईना. शेवटी ड्रिल माझ्या हातात आलं. त्याने आणलेला पट्टा माझ्या कमरेला आवळला आणि दुसरं टोक कपाटाच्या पायाला बांधलं. मग तो मागे जाऊन दाराच्या चौकटीत उभा राहिला आणि बंदरातल्या खालच्या माणसासारख्या हाताच्या खुणा करू लागला. जरा डावीकडे. वर. थांबा. आता सोडा. चारही गज बसेपर्यंत तो आत आला नाही.