कुंकू लावलेला फळा

विमला गावस टीचरना सत्तावीस वर्षांत खडूने कधी दगा दिला नव्हता. मुळगावच्या एका वाड्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, सरकारी मराठी शाळेत पहिली ते चौथी असे चारही वर्ग एकाच खोलीत एकटीने सांभाळायचे, एका कोपऱ्यात पाढे चालू ठेवून दुसऱ्या कोपऱ्यात कविता शिकवायची, हे तिच्या हातचं काम होतं. आसपासच्या खाणी जोरात होत्या तेव्हा पट चाळीसवर होता. आता अकरा. दहाच्या खाली गेला की शाळा दुसऱ्या शाळेत मिसळणार, असं शिक्षण खात्याच्या मागच्या बैठकीत तिला तोंडावर सांगितलं होतं.

या अकरांतली दोन मुलं कमलची होती. तिसरीतला निहार आणि पहिलीतली गौरवी. कमलचं घर मूळचं दोडामार्गकडचं, नवरा ट्रकवर. तिच्या जावेची मुलं साखळीच्या इंग्रजी शाळेत जात. त्यांची पिवळी बस रोज कमलच्या दारावरूनच वळायची. तिथे दोन जागा रिकाम्या झाल्यात, दिवाळीनंतर घेतो म्हणतात, हे कमलने टीचरना सांगितलं तेव्हा विमला लगेच म्हणाली, सरस्वतीपूजनाला ये, आपला नवा फळा बघ, मग काय ते ठरव.

नवा फळा म्हणजे खात्याने पाठवलेला, बोटाने चालणारा मोठा पडदा. तो भिंतीवर चढला तेव्हा विमलाने महिनाभर त्याच्यावर चादर घालून ठेवली होती. धूळ बसू नये म्हणून, असं ती सांगायची. खरं म्हणजे त्याची तिला भीतीच वाटत होती. डिचोलीच्या प्रशिक्षणात पोरसवदा शिक्षिका भराभर बोटं फिरवत होत्या आणि ही बावन्न वर्षांची बाई वहीत लिहून घेत होती, 'मागचं बटण, मग निळं चित्र, मग थांबणे.' शेजारच्या गावातल्या शाळेची समीक्षा टीचर तेवढी भली. विमलाने दिवसातून चार वेळा फोन केला तरी वैतागली नाही. मुलांची नावं खात्याच्या ऑनलाइन नोंदीत भरायचं कामसुद्धा तीच करून द्यायची.

पण पट अकरावर आला आणि विमला हट्टाला पेटली. नाकी नऊ आले तरी सहा महिने खपून तिने एक पाठ स्वतः तयार केला. नार्व्याची नदी, होडी, काठावरची भातशेती, सगळे फोटो तिने स्वतः काढलेले, कारण माहेर तिथलंच. चित्राला बोट लावलं की आधी मराठी शब्द आणि मग इंग्रजी शब्द ऐकू येई, आणि तो आवाज निहारचा होता. आपला मुलगा इथेही इंग्रजी बोलतो, हे कमलने एकदा कानांनी ऐकावं, एवढ्यासाठीच तो सारा खटाटोप.

सरस्वतीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी पाठ दहादा चालवून बघितला. दहाही वेळा चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरस्वतीची तसबीर मांडली, पाट्यापुस्तकं मांडली. आणि ज्याच्यावर सगळी भिस्त त्याला कसं विसरणार? पडद्याच्या चौकटीला तिने झेंडूची माळ घातली, चारही कोपऱ्यांना ओल्या कुंकवाची बोटं ओढली, खालच्या पट्टीवर मन लावून स्वस्तिक काढलं. आपल्याकडे विळ्यालाही कुंकू लागतं, मोटारीलाही लागतं, तिचं काय चुकलं होतं म्हणा.

आरती झाली, प्रसाद वाटला, वाडा जमला. माळ काढून ठेवत विमलाने निहारला पुढे बोलावलं. त्याने नदीला बोट लावलं. काहीच झालं नाही. पुन्हा लावलं, तर पडद्यावरची चित्रं आपोआप उड्या मारायला लागली, जणू कोणी दुसरंच बोट लावतंय. निहारचे कान लाल झाले.

"टीचर, माजा काय चुकला?"

विमलाने बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. वही काढली. वहीत याचं उत्तर नव्हतं. वीस मिनिटं ती त्या पडद्याशी झगडत राहिली आणि मागच्या काळ्या फळ्याच्या कडेला खडू पडून होता. तो उचलून तिने नदी काढली असती तर पोरं आणि आया तासभर हलल्या नसत्या. पण ते तिला त्या क्षणी सुचलंच नाही, आणि याचं दुःख तिला मरेपर्यंत राहणार आहे. माणसं एकेक करून उठली. कमल शेवटपर्यंत बसली होती.

दुपारी समीक्षाने फोनवर पहिलाच प्रश्न केला, चौकटीला काही लावलंत का? ती चौकटच बोट ओळखते, कोरड्या फडक्याने पुसा. फडकं लालभडक झालं आणि रिकाम्या वर्गात निहारचा आवाज खणखणीत घुमला, 'नदी, रिव्हर.'

तशीच ती कमलच्या दारात गेली. चालतंय, आत्ता चल, बघ, असं धापा टाकत म्हणाली. कमलने तिला बसवलं, पाणी दिलं.

"टीचर, तुमच्या शिकवण्यात खोट नाय," ती म्हणाली. "शाळा बंद पडतली म्हणान लोक बोलतत, ता माका उगीच वाटायचा. पण सकाळी तुमका वही चाळताना बघलंय आणि समाजला, ही खरीच बंद पडतली. मगे मधेच पोरांका घेवन मी खंय जातलंय?"

विमला उठली. पाणी तसंच राहिलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळा सोडल्याचे दोन दाखले करायचे होते. ते ऑनलाइन नोंदीतूनच काढावे लागतात. विमलाने या वेळी समीक्षाला फोन केला नाही, वहीही उघडली नाही. दोन्ही नावं तिने स्वतः कमी केली, कारण लिहिलं, दाखले छापले. कुठेही अडली नाही. पट नऊ झाला.

दाखले न्यायला कमल आली तेव्हा निहार पडद्यासमोर उभा होता.

"टीचर, माजो आवाज हयच रवतलो?"

"रवतलो," विमला म्हणाली आणि तिने पडदा चालू करून दिला. त्याने होडीला बोट लावलं, नदीला लावलं, शेताला लावलं. पडदा एकदाही अडखळला नाही. कमल दारातच थांबून ते सगळं ऐकत होती. पाठ संपला तेव्हा तिने दाखल्यांची घडी घातली, ते पिशवीत ठेवले आणि मुलांना हाक मारली.