सोनालीचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सांगण्याएवढं त्यात आहे तरी काय? एका पोरीच्या हाताची तर गोष्ट.

सांगलीच्या पूर्वेला, माळावरच्या एका लहान शाळेत मी तेव्हा होतो. पहिली ते चौथी एकाच खोलीत. इंग्रजीला सगळे एकत्र — कुणी वाक्य वाचतंय, कुणाला अजून एबीसी येत नाही. साहेब तपासणीला आले की काय करायचं? मी एक युक्ती शिकवून ठेवली होती. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मी फक्त उजवा हात बघून उठवायचो.

सोनालीचा कायम डावा. घरचे मेंढरं घेऊन निघाले की तीही जायची. परत येईपर्यंत शिकलेलं पुसून गेलेलं. वयानं चौथीतली, बसायची दुसरीतल्या पोरांत.

एकदा कोकराचं चित्र दाखवून मी फळ्यावर lamb असं स्पेलिंग लिहिलं. तिनं एकेक अक्षर जुळवत वाचलं, "लांब." मग चित्राकडं बघत म्हणाली, "आवं सर, कोकरू तर कुशीत घेत्यात. लांब कशाला?" वर्ग हसला. मीही हसलो. शेवटचं अक्षर मुकं असतं, 'लॅम' म्हणायचं, असं सांगितलं.

पुढं तपासणीच्या दिवशी साहेबांनी नेमकं तेच चित्र उचललं, इंग्रजीत काय म्हणतात विचारलं. हात वर झाले. सोनालीचा — उजवा. ताठ.

मला दिसला नाही, असं नाही. दिसला. आणि आठवलं काय? 'लांब'. साहेबांसमोर ही 'लांब' म्हणाली तर — मी नजर काढून घेतली आणि गादीवाल्यांच्या अरमानला उठवलं. "लॅम," तो म्हणाला. साहेब खूश झाले.

सोनालीनं हात हळूच खाली घेतला. पुढच्या प्रश्नाला डावा वर केला.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. साहेब गेल्यावर ती टेबलाशी आली. "सर, माजा हात चुकला व्हय? मला येत हुतं की. लॅम." ओठ घट्ट मिटून म्हणाली, शेवटचं अक्षर गिळून — मी शिकवलं होतं तसंच.

खरं सांगायला काय जात होतं माझं? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मायेनं — हो, मायेनंच — म्हणालो, "चुकला गं. तू डावा करायचा असतो ना."

"व्हय सर," म्हणाली.

शाळेत होती तोवर तिनं पुन्हा उजवा हात वर केला नाही. दिवाळीनंतर मेंढरं निघाली, त्यांच्याबरोबर तीही.

आता मी शिरवळला शिकवतो. ती युक्ती कधीच सोडली. तरी वर्गात हात वर झाले की माझी नजर आधी तेच बघते — कुठला?

तिचा हात चुकला नव्हता. तिला येत होतं.