मातीले काऊन विचारणाऱ्या बाई

चिखलीहून माती तपासणाऱ्या एक बाई आमच्या दहावीच्या वर्गाला करिअर सांगायला आल्या होत्या. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. आदल्या दिवशी सरांनी बजावलं होतं, "पाहुण्यांसमोर 'का' म्हणा, 'काऊन' नाही."

बाई बोलता बोलता चपला काढून टाकत आणि मातीची पुडी उघडली की आधी तिचा वास घेत. पुढे काय व्हायचं, असं विचारल्यावर दोघी कलेक्टर झाल्या, बाकी सगळ्या डॉक्टर. मी लाजत म्हटलं, "अजून ठरलं नाही."

त्यांनी मलाच पुढे बोलावलं आणि आमच्या मैदानातल्या मातीवर बाटलीतल्या आम्लाचे दोन थेंब टाकले. माती फसफसली.

"हे काऊन उकळून राह्यलं?" माझ्या तोंडून निसटलं. वर्ग हसला. सरांनी कपाळाला हात लावला.

बाईंनी मात्र टाळी वाजवली. "चुनखडी हाय म्हणून. पोरी, माह्यी नोकरी हेच तं हाय. दिवसभर मातीले काऊन विचारते, अन् त्याचा पगार भेटते."

मी घरी उडतच गेले. लिंबातही आम्ल असतं म्हणून अंगणातल्या मातीवर लिंबू पिळलं, ओट्यावर पिळलं, तिसरं चुलीच्या राखेवर पिळलं आणि राख फसफसली तशी नाचायलाच लागले. आई लाटणं घेऊन आली.

"लिंबं काऊन नासवून राह्यली वं?"

मग तिची नजर राखेवर गेली. ती उकिडवी बसली, उरलेली फोड स्वतः पिळली.

"अन् हे काऊन फसफसते?"

मी म्हटलं, "आई, तुलेबी लागते नोकरी."