पुंजाजींच्या कानाशी

कनेरगाव नाक्यावर पुंजाजींचं मोटार भरायचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तार मोजून गुंडाळायची, असलं ते डोकं थाऱ्यावर ठेवून करायचं काम. उन्हाळ्यात शेतकरी मोटारी घेऊन दुकानापुढं बसून राहायचे. पण गावात मान होता तो त्यासाठी नव्हता. पुंजाजी बौद्धाचार्य होते. नाक्याच्या आसपास बौद्धांच्या घरी लग्न असो की लेकराचं नाव ठेवायचं असो, पांढरा सदरा घालून ते उभे राहायचे आणि सगळी वंदना तोंडपाठ म्हणायचे. पुस्तक हातात धरून लग्न लावणाऱ्यांचा त्यांना भारी राग. म्हणायचे, "बुक बघून लगन लावाचं तं मग माणूस काहून बलावला? टेप लावा."

तर अशा माणसाला एका पिकअपनं उडवलं. हिंगोलीहून एक लग्न लावून पुंजाजी मोटारसायकलवर घरी येत होते, पिकअप हळदीची पोती घेऊन समोरून निघालेलं. पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडायच्या नादात ते थेट यांच्या अंगावर आलं. हेल्मेट होतं, पण हँडलला लटकवलेलं. "डोस्क्यावर असतं तर," असं म्हणणारे शहाणे आजही भेटतात. पद्माबाई त्यांना काही बोलत नाही. नवरा डोकं फोडून पडला तेव्हा तिनंही हेच म्हटलं होतं, आणि म्हणून काय उपयोग झाला?

नांदेडला डोक्याचं ऑपरेशन झालं. पुंजाजी वाचले. घरी आले ते चालत आले, आपल्या हातानं जेवले, बघायला आलेल्यांकडं पाहून हसले. कपाळाच्या वर केसांत एक खड्डा तेवढा राहिला, तो टोपीखाली झाकला जायचा. माणूस बघायला अगदी धड. अन् सगळं घोडं तिथंच तर अडलं.

कारण आतून काही धड नव्हतं. एका सदऱ्यावर दुसरा सदरा घालायचे. पुढ्यात ताट ठेवलं की उठवेपर्यंत जेवत राहायचे. दुकानात नेऊन बसवलं तर तार हातात घेऊन तिच्याकडं नुसते बघत बसायचे, आणि मग कुणी बघत नाही ना असं पाहून हळूच खाली ठेवायचे. सख्ख्या भावाला त्यांनी "कुठल्या गावचे?" म्हणून विचारलं. पण वंदना? वंदना पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जुनं पाठ केलेलं राहतं, बाकीचं जातं.

आता पद्माबाईनं काय केलं ते ऐका. भावाच्या त्या प्रसंगानं ती चारचौघांत पाणी पाणी झाली होती. तेव्हापासून अंगणात कुणाची चाहूल लागली, की ती नवऱ्याच्या मागं जाऊन उभी राहायची आणि कानाशी पुटपुटायची, "संतरामभाऊ हायत. पोरीचं लगन जमलं का इचारा." की पुंजाजी हात जोडून, "जयभीम संतराम, पोरीचं जमलं का न्हाई?" माणूस खूश. बाहेर जाऊन सांगायचा, पुंजाजी अगदी पहिल्यासारखे झाले. हळूहळू तिचा असा हात बसला, की ओठ हललेलेही कुणाला दिसेनात.

तिला विचारलं असतं तर तिनं पोरीचं कारण दिलं असतं. करुणा लग्नाची. बाप येडा झाला म्हटल्यावर पाहुणे दारात यायचे बंद होतील. कारण खरं होतं, पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की ज्या माणसाच्या पाठीमागं मान वर करून ती गावभर फिरली, तो माणूस आता तोंडाला लागलेलं वरणही पुसत नाही, याची तिला लाज वाटायची. आणि लाज वाटते म्हणून स्वतःची आणखी लाज वाटायची. दर रविवारी विहारात खोटं न बोलण्याचं शील घ्यायचं, आणि घरी आल्यावर दिवसभर नवऱ्याच्या तोंडून खोटं वदवायचं. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण सवय एकदा लागली की लागली.

नुकसानभरपाईचा दावा हिंगोलीच्या कोर्टात टाकलेला होता. पिकअपचा विमा होता, त्यामुळं समोर विमा कंपनी. दुकान बंद, झटक्यांच्या गोळ्या जन्माच्या, करुणा कॉलेज सोडून नाक्यावरच्या मेडिकलमध्ये कामाला उभी. हा दावा जिंकला तरच घर तगणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वकील होते धम्मानंद, नात्यातलेच. ते म्हणाले होते, "डोक्याला किती मार बसलाय हे दिसलं पाहिजे. बाकी मी बघतो."

पण दिसणार कसं? दाव्यासाठी तपासणी होती त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? पद्माबाई खुर्चीमागं उभी होती. बघता बघता तिचे ओठ हलले आणि पुंजाजी म्हणाले, "बुधवार." गाव कोणतं, मुलगी काय करते, दुकान कशाचं, सगळं बराबर. डॉक्टरांपुढं माणसांची ही गर्दी. त्यांनी लिहून दिलं, स्मरणशक्तीत किरकोळ दोष.

धम्मानंदांनी कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूनं आहात?"

"मला न्हाई ऱ्हावलं," ती म्हणाली. "ते डॉक्टरकडं असे बघून राहिले होते, जसं काही चोरी केली."

एवढं होऊनही शहाणपण आलं का? नाही. संतरामच्या पोरीचं लग्न निघालं आणि संतराम घरी येऊन बसला. "वयनी, माह्या पोरीचं लगन पुंजाजीच लावतील. दुसरा माणूस मी उभा करणार न्हाई." वकिलानं बजावून ठेवलेलं, की यांना कुठं बाहेर नेऊ नका. तरी पद्माबाई हो म्हणाली. का म्हणाली? कारण पुंजाजींच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी काही तरी उजळलं होतं. आणि खरं बोलायचं तर, तिलाही एकदा त्या पांढऱ्या सदऱ्यामागं उभं राहायचं होतं.

लग्न झकास लागलं. पुंजाजींचा आवाज मांडवाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेला. नवरा-नवरीची, त्यांच्या आईबापांची नावं घ्यायची वेळ आली तेव्हा पद्माबाई मागं होतीच. बायका तिला म्हणाल्या, नशीबवान हाय बाई तू. ती त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवली.

पद्माबाईच्या उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलानं त्याच लग्नाचा, मांडवात कुणी तरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ लावला.

कोर्टात मागं गावातली माणसं बसलेली. संतरामनंच आपल्या गाडीतून सगळ्यांना आणलं होतं. करुणा होती. पुंजाजी पहिल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन शांत बसलेले. लॅपटॉपमधून त्यांचाच आवाज आला तसे ते कान देऊन ऐकू लागले, आणि आवडल्यासारखी मान हलवली.

"हे लग्न यांनीच लावलं?" वकिलानं विचारलं.

"व्हय," पद्माबाई म्हणाली.

"सगळं तोंडपाठ म्हटलं. नवरा-नवरीची नावं बिनचूक घेतली. आणि तुमच्या शपथपत्रात लिहिलंय की यांना माणसं ओळखू येत नाहीत. दोन्हीतलं खोटं कोणतं?"

उत्तर सोपं होतं. पण ते द्यायचं म्हणजे गावासमोर सगळं उघडं करायचं. ज्याच्या पोरीचं लग्न लावलं त्या संतरामसमोर. ज्या बायांनी नशीबवान म्हटलं त्यांच्या नवऱ्यांसमोर. आणि ज्याचं झाकत आली तो तर समोरच बसलेला. तिला वाटलं, हरावा दावा, जावं घरी. मग तिची नजर करुणाकडं गेली. मेडिकलमध्ये दिवसभर उभं राहून सुजलेले पाय पोरीनं चपलेतून बाहेर काढून फरशीवर ठेवले होते.

"ते मागं करा जरा," पद्माबाई म्हणाली. "त्यायच्या मागं बाई उभी हाय. तोंडाला पदर लावलेली. दिसली का?"

"बरं. कोण आहे ती?"

"मी हाय. नावं सांगून राहिले त्यायला."

ती थांबली असती, पण आता तिच्यानं थांबवेना. तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरांपुढं ओठ कसे हलवले ते. अंगणात आलेल्या प्रत्येकाचं नाव कानात कसं घातलं ते. "माणसं म्हणतात पुंजाजी सुदरले. सुदरले न्हाईत. मी बोलते त्यायच्या तोंडानं. रातची लघवी अंथरुणात होते, ते मी पहाटं धुऊन टाकते, कुणाला दिसू देत न्हाई. मी सगळ्यायला फसवलं. संतरामभाऊ, तुमच्या पोरीचं नाव त्यायला ठाऊक न्हाई." संतरामनं मान खाली घातली. पद्माबाईनं नवऱ्याकडं पाहायचं टाळलं. अंथरुणाचं बोलायला नको होतं, असं तिला त्याच क्षणी वाटलं, पण शब्द निघून गेला होता.

वकील हसला. "हे सगळं आज, व्हिडिओ दाखवल्यावर आठवलं."

जजसाहेबांनी हात वर केला. "त्यांनाच विचारू." त्यांनी पुंजाजींना पुढं बोलावून खुर्ची दिली आणि पद्माबाईला सांगितलं, "बाई, तुम्ही इथं समोर उभ्या राहा. तोंडावर पदर धरा आणि काही बोलू नका."

पद्माबाईनं पदर दोन्ही हातांनी तोंडावर दाबला. धम्मानंद कपाळ चोळत होते. त्यांचं भय तिला कळत होतं, कारण तेच तिचंही होतं. जजसाहेब ही बाई कोण असं सोपं विचारणार आणि पुंजाजी नेमकं ते बरोबर सांगणार. इतक्या वर्षांची सोबत ती. बाकी जग गेलं असलं तरी एवढं शिल्लक असणारच. आणि कुणाला सांगता येणार नाही अशी गोष्ट म्हणजे, दावा बुडाला तरी त्यांनी ते बरोबर सांगावं असं तिला आतून वाटत होतं.

"पुंजाजी," जजसाहेबांनी विचारलं, "या समोर उभ्या आहेत त्या कोण?"

पुंजाजींनी तिच्याकडं पाहिलं. आधी डोळ्यांकडं, मग पदरानं झाकलेल्या तोंडाकडं. नावं तिथूनच येतात, ते वाट बघत राहिले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, मागं बसलेल्या माणसांकडं एकदा बघितलं, आणि मग जजसाहेबांकडं वाकून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलले. पण खोली लहान होती.

"साहेब, ह्या बाई लई दिवसापासून माझ्या संगं हायत. चांगल्या हायत. जेवायला घालतात, आंघोळ घालतात. अंथरुणाचं बी त्याच करतात, आता ऐकलं न्हाई का तुमी." त्यांनी मान खाली घातली. "पहिल्या दिवशी नाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं. मग रोजच संगं. आता कसं इचारावं? त्यायला वाईट वाटंल. मला लाज वाटते साहेब."

जजसाहेब लिहू लागले. विमा कंपनीच्या वकिलानं लॅपटॉप मिटला. धम्मानंद तिच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "झालं मावशी. आता आपलं काम झालं." पद्माबाईला ते ऐकूच आलं नाही.

आपल्या घरात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. पहिल्यापासून ते तिला "अगं" म्हणायचे, ती त्यांना "आवं." घरी आल्यावर ते तिला "तुमी" म्हणू लागले, तेव्हा आजारानं माणूस मवाळ झाला असं ती धरून चालली होती, आणि मनातून सुखावलीही होती. सगळ्या गावाची नावं तिनं त्यांच्या कानात घातली होती. आपलंही घालावं लागेल, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

संतराम गाडी दारापर्यंत आणायला गेला. करुणा बापाचा हात धरून पायऱ्या उतरवत होती. खाली येताच पुंजाजींनी पोरीच्या हातातून हात सोडवून घेतला आणि ते पद्माबाईपासून जरा बाजूला जाऊन उभे राहिले, तिच्याकडं पाठ करून. ती त्यांच्या मागं गेली. सवयीनं कानाशी वाकली, पण मग सरळ झाली आणि वळसा घालून त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. येणारीजाणारी माणसं बघत होती. बघू देत, ती मनाशी म्हणाली.

"माझं नाव पद्माबाई," ती म्हणाली. "तुमची बायको हाव मी."

पुंजाजींनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही ओळख उमटली असं म्हणता येणार नाही, पण अवघडलेलं अंग सैल झालं. त्यांनी हात जोडले.

"बरं झालं सांगितलं बाई," ते म्हणाले. "उद्या इसरलो तर पुन्हा सांगसाल का?"