वेबसाइट सोमवारी बंद राहील

झेरॉक्सच्या दुकानात वाया गेलेले कागद फार. कुठे शाई फिसकटलेली, कुठे अर्धंच पान उमटलेलं. मागची बाजू मात्र कोरी करकरीत. आमच्या पेणच्या दुकानात त्या कोऱ्या बाजूवर मी लोकांची वाक्यं लिहून ठेवायचे, कारण ती बोलणाऱ्यांना तोंडावर उत्तर द्यायची मला बंदी होती. सगळे वयाने मोठे! लिहिलेला कागद खिळ्याला टांगलेल्या तारेत ओवायचा आणि पुढच्या माणसाकडे हसून बघायचं. वर्षभरात तार भरली.

साल नव्व्याण्णव. दुकान नानांचं, म्हणजे माझ्या सख्ख्या काकांचं. एसटीडी बूथ, झेरॉक्स आणि माझ्या हट्टापायी आलेला एक कॉम्प्युटर, इंटरनेटसकट. मी बीएस्सी झालेली, वर मुंबईला जाऊन वेबसाइट बनवायचा कोर्स केलेला. पेण-रोह्यातल्या धंदेवाल्यांना वेबसाइट करून द्यायच्या, असा माझा बेत.

अक्षय तृतीयेला नानांनी अट घातली. "गणपतीच्या आत ह्या डब्यातून बाहेरगावची एक तरी ऑर्डर आली पाहिजे. नाय आली, तर डबा टायपिंग क्लासच्या सरांना देऊन टाकणार, आणि तू महाडच्या स्थळाला हो म्हणायचं."

डब्याची आणि माझी एकदमच व्यवस्था! मी म्हटलं, "चालेल."

*

इंटरनेट टेलिफोनच्या तारेतूनच येतं, हे मी नानांना पहिल्या दिवशी सांगितलं. मोडेम नावाची पेटी पलीकडच्या पेटीला फोन लावते, दोघी आपसांत किंचाळतात, मग पान उघडतं. तेवढा वेळ फोन उचलायचा नाही.

नानांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी उचलला. मी आतून ओरडेपर्यंत त्यांनी रिसीव्हर खाली ठेवलाही होता.

"नाना, काय केलंत!"

"अगो शुभा, कोणीतरी मोठ्या अडचणीत हाय बिचारा. नुसता आक्रोश! मी म्हटलं, आधी शांत व्हा, पाणी प्या, आणि मग परत फोन करा."

*

पहिलं गिऱ्हाईक रोह्याचे शांतारामशेठ. पोह्यांची गिरणी. मी त्यांना सोप्या भाषेत सांगितलं, "शेठ, वेबसाइट म्हणजे तुमचं दुकानच. फक्त जगात कुठूनही दिसतं, आणि दिवसरात्र उघडं असतं."

शेठच्या कपाळाला आठ्या. "सोमवारी?"

"सोमवारीसुद्धा."

"आपली गिरणी सोमवारी बंद असते."

"गिरणी बंद, शेठ. वेबसाइट उघडी."

"म्हणजे मालक घरी जेवतोय आणि गिऱ्हाईक आत फिरतंय? तसं नाय चालायचं."

वाद नको म्हणून पानाच्या तळाशी मी 'सोमवारी बंद' अशी ओळ टाकली. पुढच्याच सोमवारी शेठ दत्त म्हणून पेणला हजर! गिरणी बंद, म्हणजे त्यांना वेळच वेळ. मला पान उघडायला लावलं. ते उघडलं.

"बघ. उघडलं!"

मग मी दुसरं पान बनवलं. त्यावर लाकडी दाराचं चित्र, दाराला कुलूप. दर सोमवारी सकाळी येऊन मी खरं पान काढायचे आणि दार लावायचे. मंगळवारी उलटं. सगळ्या जगात आठवड्याची सुट्टी घेणारी वेबसाइट ती एकच असावी.

*

ई-मेल म्हणजे टपाल, पण क्षणात पोचतं. हे मात्र शेठना पटलं. एक दिवस पुण्याच्या कुठल्याशा विद्यार्थ्याचं पत्र आलं, की तुमचे पोहे जाड असतात की पातळ? मी आनंदाने नानांना दाखवलं. नाना म्हणाले, "विचारपूस म्हणजे ऑर्डर नव्हे."

आता हे पत्र रोह्याला पोचवायचं कसं? शेठकडे कॉम्प्युटर नाही. त्यांनी फोनवर तोडगा काढला, "दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे दे." मी छापील कागद पाकिटात घालून दिला. पुणे ते पेण एक क्षण, पेण ते रोहा अर्धा दिवस!

दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरने उत्तर आणलं. पोह्यांची पुडी! सोबत तोंडी निरोप, "शेठ बोललेत, पत्र जसं आलं तसंच हे त्याला पाठव. खाऊन बघू दे."

*

मालतीकाकू पेणच्याच, उडदाच्या पापडवाल्या. त्यांच्या पानाखाली मी एक आकडा लावला होता. कितीजण पान बघून गेले ते त्यातून कळतं, त्याला काउंटर म्हणतात.

काकूंनी चष्मा लावून आकडा वाचला. एकोणीस. "एवढी माणसं येऊन गेली आणि मला पत्ता नाय? कोण कोण होतं गो?"

खोटं बोलायचा मला कंटाळा. "अठरा वेळा मीच होते, काकू. पान नीट दिसतंय का बघायला."

"आणि अठरा वेळा येऊन काहीच घेतलं नाहीस?"

ह्याच काकूंना मी पासवर्ड समजावला. तुमच्या पानाची किल्ली, आपल्याशिवाय कुणाला कळता कामा नये. संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या सगळ्या भिशीला पाठ! मी रागावले, तर म्हणाल्या, "अगो, किल्ली शेजारी नाय ठेवायची तर कुठं?"

बरं. मग मी पानावर टाकायला पापडाची कृती मागितली. काकूंनी दाराकडे बघितलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"पापडखाराचं माप मी सुनेला नाय सांगितलं अजून. तुझ्या यंत्राला सांगू?"

*

शेवटचं गिऱ्हाईक पेणजवळच्या हमरापूरचे पांडूतात्या, गणपतीचे कारखानदार. मी फोटो काढायला गेले तेव्हा मूर्ती रंगून तयार होत्या, पण डोळ्यांची आखणी बाकी. तात्यांनी कॅमेऱ्यावर हात धरला. "डोळे नसताना फोटो नाय. त्याला दिसत नाय, आणि तू त्याला जगाला दाखवणार?"

आषाढ संपेपर्यंत पाचच मूर्तींचे डोळे झाले. पाच तर पाच! एक ते पाच नंबर घालून त्या पानावर चढवल्या. तात्यांनी दुकानात येऊन कॉम्प्युटरच्या काचेवरचे आपले गणपती पाहिले, चपला बाहेर काढून आले आणि पुन्हा पाहिले.

श्रावणात पत्र आलं. मस्कतहून! लिहिणारा मूळचा रोह्याजवळच्या खांब गावचा, तिकडे नोकरीला. दरवर्षी स्वतः हमरापूरला येऊन मूर्ती निवडायचा, यंदा रजा मिळत नव्हती. 'चार नंबरचा गणपती मला ठेवा. डोळे आवडले. भाऊ येऊन घरी नेईल.'

मी कागद नानांसमोर आपटला. "घ्या. बाहेरगावची ऑर्डर! आखाती देशातून!"

नानांनी सावकाश वाचलं. "मूर्ती कुठं जाणार?"

"खांबला."

"खांब? अगो, खांबला आपली एसटी जाते. ते कसलं बाहेरगाव?"

त्या दिवशी तारेला माझंच एक वाक्य अडकलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

तात्यांना मात्र ऑर्डर मान्य होती. त्यांच्या कारखान्यात पूर्वी लोक घरचा पाट आणून द्यायचे, तात्यांच्या वडिलांपासून मूर्तीला चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर तीन गोष्टी: नाव, गाव, नेण्याचा दिवस. तात्या मस्कतवाल्याची चिठ्ठी घेऊन दुकानात आले, बोटाने खळ लावली आणि कॉम्प्युटरच्या काचेवर, चार नंबरच्या गणपतीच्या पायाशी चिकटवली.

"तात्या, अहो! मूर्ती तुमच्याकडे आहे. ही नुसती तसबीर!"

"मूर्तीला पण लावली. पण लोक बघतात इथं. दुसऱ्या कुणी हाच मागितला तर?"

"मग मी चार नंबर पानावरून काढून टाकते."

"काढून टाकते? गणपतीला?"

चिठ्ठी राहिली. पान बदललं तरी ती तिथेच. शेठचं पान उघडलं की पोह्यांच्या ढिगावर, काकूंचं उघडलं की बरोब्बर पापडावर. काकूंनी ती वाचली आणि भिशीत सांगून आल्या, की आपला पापड खांबच्या माणसाने राखून ठेवलाय.

*

गणपतीला आठ दिवस राहिले. नानांच्या मते ऑर्डर आलेली नव्हती. टायपिंग क्लासचे सर टेम्पो घेऊन आले. मी वायरी सोडल्या नाहीत, नुसती बसून राहिले. मोठ्यांशी वाद घालून काय होतं ते तारेवर टांगलेलं होतंच.

सरांनी मॉनिटरला हात लावला आणि तात्या आत आले. मखराची कापडं घ्यायला पेणला आले होते, वाटेत चिठ्ठी जागेवर आहे ना ते बघायला वळले.

"हात काढा, सर."

"मी नेतोय हा. नाना देतायत."

"चिठ्ठी लागलीय." तात्यांचा आवाज चढला नाही. "माणूस येऊन नेईपर्यंत चिठ्ठी लागलेला गणपती जागचा हलत नाय. माझ्या बापाच्या वेळपासून नाय हलला. नाना, तुम्ही हलवणार?"

नानांनी काचेकडे बघितलं. चार नंबरचे डोळे थेट त्यांच्याकडेच होते. नानांनी टोपी नीट केली.

"सर, गणपती होऊ दे," ते म्हणाले. टेम्पो रिकामा गेला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी खांबचा भाऊ हमरापूरला आला आणि मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून तिला घेऊन गेला. दुपारी तात्या पेणला आले, ओल्या फडक्याने काच पुसली, चिठ्ठी सोडवून खिशात घातली. "आता मोकळा झाला," म्हणाले आणि गेले. नाना बूथमधून बघत होते.

गौरी-गणपती विसर्जनानंतर दुसऱ्या सकाळी मी दुकान उघडलं. सोमवार होता, शेठचं दार लावायचं होतं. कॉम्प्युटरवर फडकं घातलेलं. ते काढलं.

काचेवर चिठ्ठी होती. खळ अजून ओली. अक्षर नानांचं.

नाव: शुभा.
गाव: पेण.
नेण्याचा दिवस: ह्याच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.