‘भूक’ नावाचा फोटो

जोलीन क्रेमरला सहसा कशाची किळस येत नसे. विस्कॉन्सिनमधल्या दुभत्या गाईंच्या घरात ती वाढली होती. अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वासरू ओढायचं आणि हात धुऊन जेवायला बसायचं, इतकं ते सवयीचं. त्यामुळे कॉलेजच्या एका सत्रासाठी ती इटलीत, सिसिली बेटावरच्या पालेर्मोला आली, तेव्हा बल्लारोच्या बाजारात बरोबरच्या मुली नाकाला रुमाल लावून चालायच्या आणि ही माशांच्या आतड्यांवरून सरळ चालत जायची.

ती शिकायला आली होती प्रवासातली फोटोग्राफी. शिकवायला ड्वाइट पेल्हॅम नावाचे गृहस्थ होते. ते अमेरिकेतलेच, पण वीस-एक वर्षं सिसिलीत राहिलेले. गळ्यात मळकट मफलर, आवाज मात्र लोण्यासारखा. पहिल्याच दिवशी त्यांनी मंत्र दिला, “आधी फोटो, मग माफी. परवानगी मागितलीत की माणूस हसतो, आणि हसरा माणूस कोणाला हवाय?”

पोरं हसली. जोलीनही हसली. एवढा मोठा माणूस सांगतोय म्हणजे खरंच असणार.

ती राहायची सिन्योरा निन्फांकडे. निन्फाबाई सत्तरीच्या, विधवा, तोंडाने फटकळ. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत जोलीन होती. जेवण झालं की बाई तिच्या ताटात आणखी शेवया ओतायच्या आणि म्हणायच्या, “खा गं! तुझ्या आईनं पाहिलं तर म्हणेल, सिसिलीत माझ्या पोरीला उपाशी मारलं.”

एका सकाळी जोलीन स्वयंपाकघरात आली. निन्फाबाई खिडकीपाशी झोपायच्या झग्यात बसल्या होत्या, केस मोकळे, दात अजून पेल्यात. शिळा पाव दुधाच्या कॉफीत बुडवून चोखत होत्या. खिडकीतून उजेड असा तिरपा पडला होता की जोलीनचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला. खटका वाजला. बाईंनी मान वळवली, तोंडावर हात धरला आणि ओरडल्या, “ए भवाने! दात तरी लावू दे!” जोलीन हसत जिन्याने वर पळाली.

पेल्हॅमनी तो फोटो वर्गात प्रोजेक्टरने भिंतीवर पाडून बराच वेळ पाहिला. “हा,” ते म्हणाले, “हा खरा. बाकीच्यांनी बघून घ्या.” जोलीनचे कान तापले. त्या दिवशी तिने घरी आईला फोन करून सांगितलं, सरांनी सगळ्यांपुढे माझं कौतुक केलं.

सत्र संपताना प्रदर्शन भरलं. पेल्हॅमनी मुलांना आसरा देणाऱ्या सगळ्या घरमालकिणींना बोलावलं होतं. निन्फाबाई आल्या त्या केस बसवून, सोन्याची कर्णफुलं घालून, दोन धाकट्या बहिणींना बरोबर घेऊन. जोलीन त्यांना दारात भेटली, हात धरून आत नेलं.

समोरच्या भिंतीवर, सगळ्यात मोठा, तो फोटो. बोळकं तोंड, हनुवटीवरून ओघळलेली कॉफी, हातात पावाचा तुकडा. खाली पाटीवर दोन भाषांत एकच शब्द: भूक.

ती पाटी जोलीनही तेव्हाच पहिल्यांदा पाहत होती.

निन्फाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मोठ्यानं वाचलं. “भूक? कोणाची? माझी?” मग बहिणींकडे वळून म्हणाल्या, “ऐकलंत का गं? मी उपाशी आहे म्हणे. आणि ही म्हैस माझ्याकडे तीन-तीनदा वाढून घेते!”

एक बहीण हसायला लागली आणि निन्फाबाईंचा चेहरा पाहून थांबली. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते, जणू दात आताही पेल्यातच होते.

“सर,” जोलीन पेल्हॅमपाशी गेली, “ही पाटी मी लावली नाही.”

“मी लावली. नाव नसेल तर लोक थांबत नाहीत.”

“पण त्यांना भूक नाहीये! त्या बाईंच्या मालकीचे तीन मजले आहेत. तुमच्या-माझ्यापेक्षा श्रीमंत आहेत त्या.”

पेल्हॅमनी वाइनचा घोट घेतला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “ते पाहणाऱ्याला कुठं ठाऊक असतं, जोलीन? बाईंना सांग, हा मान आहे. थोडं डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या तर फोटोशेजारी उभं कर. उजेड अजून चांगला आहे.”

जोलीनच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं. जनावर सडलेलं पाहूनही तिला असं कधी झालं नव्हतं. त्या लोण्यासारख्या आवाजाची, त्या मफलरची, हातातल्या ग्लासवर उमटलेल्या त्याच्या ओठांच्या ठशाची तिला शिसारी आली. तिने दोन्ही हातांनी चौकट धरली आणि भिंतीवरून ओढून काढली. खिळ्याबरोबर गिलाव्याचा पोपडा खाली पडला. कोणीतरी “अगं, अगं!” म्हणालं. पाटीही उपटून तिनं खिशात कोंबली.

तिघी बहिणी पुढं आणि चौकट बगलेत धरून ही मागं, अशी वरात घरी आली. जिन्यात निन्फाबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “तू माझ्या घरात पाव खाल्लास पोरी.”

खोलीत बसून जोलीननं कॅमेऱ्यातले सत्रभराचे फोटो पाहिले. दारूच्या नशेत बाकावर लोळलेला म्हातारा. नाक शिंकरणारी मासळीवाली. आणि हात! कितीतरी फोटोंत कोणीतरी तळहात आडवा धरला होता, तोंड फिरवलं होतं. वर्गात ह्याला ती ‘हालचाल छान आलीय’ म्हणाली होती. नको, नको, असं इतकी माणसं सांगत होती आणि ती नुसता उजेड बघत होती. तिला उठून न्हाणीघरात जावं लागलं. पेल्हॅमची किळस येणं सोपं होतं. ह्या किळसेला तोंड कुठं फिरवायचं, ते तिला कळेना.

काही दिवस बाई जेवण झाकून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. मग एका रविवारी, चर्चमधून आल्यावर, त्या दारात उभ्या राहिल्या. काळा रेशमी झगा, मोत्यांची माळ, दात लावलेले.

“आण ते तुझं यंत्र.”

“सिन्योरा, मी आता...”

“तुला विचारलं नाही. नवऱ्याशेजारची जागा मी घेऊन ठेवलीय. थडग्यावर लावायला फोटो नको? माझ्या पोरांनी तुझा तो बोळका लावला तर वरून दगड मारीन.”

तासभर चाललं. इकडून नको, मान जाड दिसते. हसू नको, दात खोटे कळतात. बरं, थोडं हसते. शेवटी जो फोटो आला तो ताठ, सपाट, कोणत्याही गल्लीतल्या स्टुडिओत निघेल असा. बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “ही मी.” आणि स्वयंपाकाला गेल्या. माफ केलं असं काही त्यांनी म्हटलं नाही.

पेल्हॅमनी जोलीनला नापास केलं, पदवी एक सत्र लांबली. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण पुढच्या वर्षी कॉलेजचं माहितीपत्रक आलं, आणि त्यावर तोच बोळका चेहरा, खाली तिचंच नाव. चौकट तिनं काढली होती, मूळ फोटो पेल्हॅमकडे होताच. तिनं फोन केले, भांडली. हक्क आमचेच, असं गोड आवाजात उत्तर मिळालं. निन्फाबाईंना हे सांगायची तिची छाती झाली नाही.

आता ती विस्कॉन्सिनमधल्या पशुमेळ्यांत गाईंचे फोटो काढते. गाय विंचरायची, शेपटी फुलवायची, पुढचे पाय उंचवट्यावर ठेवायचे, मालक म्हणेल तेव्हाच खटका. पोटापुरतं मिळतं.

गेल्या उन्हाळ्यात मेळ्यात तिच्या गावच्या चर्चमधली एक बाई तिच्यापाशी आली. डोळे ओले. “कॉलेजच्या पत्रकावरचा तुमचा तो फोटो मी पाहिलाय हो. बिचारी म्हातारी! तिला काही पाठवता येईल का?”

जोलीनच्या तोंडाला तेच आंबट पाणी सुटलं. “त्या जेवून-खाऊन सुखी आहेत,” ती म्हणाली. बाईला ते खरं वाटलं नाही. तिनं जोलीनचा हात दाबला, म्हणाली, “तुमचं मन किती मोठं,” आणि डोळे पुसत आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभी राहिली.